घरची बोली, ओसरीची भाषा

बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. आमच्या जोयडा तालुक्यात कोस मोजण्याची गरज पडत नाही. समोरचा माणूस बदलला की भाषा बदलते. चुलीपाशी कोकणी बोलणारा कुणबी दुकानात मराठीत घासाघीस करतो, कचेरीत कानडीत आपले काम सांगतो, गुंद भागातल्या हव्यक बागायतदाराकडे सुपारीच्या कामाला गेला की त्यांच्या वळणाची कानडी बोलतो आणि दांडेलीला उतरला की बाजारी हिंदी. त्याला कोणी पंडित म्हणत नाही. उलट ‘याला धड एक भाषा येत नाही’ असा शेरा मारला जातो. हा शेरा किती अन्यायाचा आहे, हे या मुलखाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

हा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. येथे सोंद्याच्या राजांचा अंमल होता. १७६३ च्या सुमारास हैदरअलीच्या स्वारीमुळे तो राजा गोव्याच्या आश्रयाला गेला आणि १७९९ नंतर मुलूख इंग्रजांकडे आला. प्रथम तो मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. शेतकरी आपल्या बांधावरून हलला नाही, पण शंभर वर्षांच्या आत त्याच्यावर तीन राजधान्यांनी कारभार केला. प्रत्येक कारभाराबरोबर कचेरीतला माणूस बदलला आणि त्याच्याशी बोलण्याची रीतही नव्याने शिकावी लागली.

१८८३ साली निघालेल्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये निरनिराळ्या जातीजमातींची वर्णने आहेत. घरात कोकणी आणि बाहेर कानडी, अशा अर्थाच्या नोंदी त्यांत वारंवार भेटतात. म्हणजे घरची बोली आणि ओसरीची भाषा वेगळी असणे, ही येथे शंभराहून अधिक वर्षांची जुनी वहिवाट आहे.

त्यात बाहेरून येणारी माणसे भर घालीत गेली. उळवीला चन्नबसवण्णांच्या समाधीच्या यात्रेसाठी घाटावरचे लिंगायत भाविक बैलगाड्या जुंपून येत आले, त्यांच्याबरोबर धारवाडकडची कानडी आली. १८८८ च्या सुमारास मुरगावहून आलेली रेल्वे कॅसलरॉकला इंग्रजी मुलखातल्या रेल्वेशी जोडली गेली. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत ते सरहद्दीवरचे ठाणे होते. इकडे कॅसलरॉकला एका सरकारची जकात, घाटाखाली कुळ्याला दुसऱ्या सरकारची. ज्याला ही वाट तुडवायची, त्याला दोन्हीकडच्या शिपायांशी जमवून घेणे भाग होते. १९५० च्या दशकात दांडेलीला कागद कारखाना उभा राहिला, तेव्हा अनेक प्रांतांचे कामगार आले. पुढे काळी नदीवरील धरणाखाली सुपा गावच बुडाले. १९८७ साली धरण पुरे झाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले, अनेक विस्थापित रामनगरला वसले. गाव बुडाले, तसे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले शेजारही मोडले. नव्या शेजाऱ्याशी काय आणि कसे बोलायचे, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागले.

हे जुळवून घेणे केवळ शब्दांचे नसते, मानाचेही असते. कोकणीत घरच्या वडीलधाऱ्यांनाही सर्रास ‘तूं’ म्हणतात, त्यात अनादर नसतो. तेच मूल मराठी शाळेत गुरुजींना ‘तू’ म्हणाले की उर्मट ठरते. धारवाडकडच्या साहेबाशी बोलताना वाक्याच्या शेवटी ‘री’ लावली नाही तर तोही मनातून दुखावतो. कोकणीत तरुण मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलतात: ‘चेडूं आयलें’. हव्यकांच्या कानडीतही बायकामुलींबद्दल नपुंसकलिंगी रूपे वापरण्याची चाल आहे. देशावरून नव्याने आलेल्या माणसाच्या कानाला ती खटकते, कोकणी घरातल्या मुलाला मात्र त्यात वावगे वाटत नाही. सिद्दी बांधवांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून या किनाऱ्यावर आणले गेले. आज त्यांच्या घरातली बोली कोकणीच्या वळणाची आहे.

हॉवर्ड जाइल्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० च्या दशकात या व्यवहाराचे शास्त्र मांडले. माणूस बोलताना समोरच्याच्या जवळ सरकतो किंवा मुद्दाम दूर सरकतो, असे त्याचे म्हणणे. त्याच सुमारास, १९७१ साली, गंपर्झ आणि विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवरचा लेख प्रसिद्ध झाला. तेथे जैन व लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू आणि दलित घरांत मराठी. एकमेकांशी बोलून बोलून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती, की शब्दाला शब्द ठेवला तरी भाषांतर व्हावे. तरीही कोणी आपली घरची भाषा टाकली नाही. गावाच्या सामाईक व्यवहाराला मराठी चालत असे, कारण ती बड्या जमीनदार घरांपैकी कोणाचीच घरभाषा नव्हती.

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जवळ सरकायचे ते कोणी? कुपवाडात सर्वच जण थोडे थोडे सरकले. आमच्याकडे कुणबी, गवळी आणि सिद्दी दुकानदाराकडे सरकतात, साहेबाकडे सरकतात, मास्तरांकडे सरकतात. त्यांच्याकडे मात्र क्वचितच कोणी सरकते. आपण सीमाभागातले मराठी लोक कानडीच्या सक्तीबद्दल तक्रार करतो आणि ती रास्त आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते, ते १९५६ च्याच दुरुस्तीने आले. पण आपल्या मराठी शाळांनीही कुणब्याच्या मुलाच्या बोलीवर ‘अशुद्ध’ म्हणून लाल रेघ ओढली, हे विसरून चालणार नाही. १९९२ साली कोकणीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले; वर्गातल्या फळ्यापर्यंत तो मान अजून पुरता पोहोचलेला नाही.

याचा परिणाम आता घराघरांत दिसतो. आईबाप मुलांशी ओसरीची भाषाच चुलीपाशी बोलू लागले आहेत. पूर्वी मूल चार भाषा शिके, कारण पहिली घट्ट होती. पहिलीच सुटली, तर नातवाला आजीशी बोलताना दुभाष्या लागेल.

शाळा आपल्या हाती आहेत, घरे तर आहेतच. पहिलीत येणाऱ्या मुलाला ‘तुला मराठी येते का?’ असे न विचारता ‘तुला कोणकोणत्या भाषा येतात?’ असे विचारावे, आणि त्याचे उत्तर हजेरीपटात नावापुढे लिहून ठेवावे. या दिवाळीत फराळाला येणाऱ्या कुणबी शेजाऱ्याशी दोन वाक्ये त्याच्या बोलीत बोलून पाहावीत. उच्चार चुकले तर तो हसेल, आणि न रागावता सुधारून देईल. आपल्या शाळांना त्याच्या मुलाबाबत नेमके हेच जमले नाही.