कळ-घटनांची नोंदणी (एक्स विंडो सिस्टिम)

कळफलकावरील कळ दाबली किंवा सोडली गेल्याची सूचना मिळावी, अशी मागणी एखाद्या प्रोग्रॅमने विंडो प्रणालीकडे नोंदवण्याची क्रिया. युनिक्स आणि लिनक्स संगणकांवर दीर्घकाळ प्रचलित असलेल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये ही क्रिया सर्वांत उघड स्वरूपात दिसते. ही प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, अथीना प्रकल्पाच्या काळात, मुख्यतः रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांच्या हातून आकाराला आली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये निघाली आणि नोंदणीचे मूळ नियम तेव्हापासून तेच आहेत.

एक्समध्ये पडदा, कळफलक आणि माउस यांचा ताबा सर्व्हरकडे असतो. प्रोग्रॅम हे त्याचे क्लायंट. दोघे वेगवेगळ्या संगणकांवरही असू शकतात, त्यामुळे प्रत्येक सूचना नेटवर्कवरून जाण्याची शक्यता गृहीत धरलेली आहे. न मागितलेल्या सूचना पाठवून तो मार्ग भरू नये म्हणून सर्व्हर बहुतेक घटनांबाबत मागितल्याशिवाय काहीच कळवत नाही. नव्याने तयार केलेल्या विंडोसमोर कितीही टंकन केले, तरी मागणी नोंदवलेली नसेल तर तिच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ता लागत नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही. शिकाऊ प्रोग्रॅमर हमखास अडखळतात ते इथे.

मागणी नोंदवण्यासाठी एक्सलिब या सी भाषेतील ग्रंथालयात एक्ससिलेक्टइनपुट हे फंक्शन आहे. त्याला सर्व्हरशी असलेली जोडणी, विंडो आणि घटनांचा मास्क अशा तीन गोष्टी द्याव्या लागतात. मास्क म्हणजे एक पूर्णांक. त्यातील प्रत्येक बिट एका घटनाप्रकाराचा. कळ दाबल्याच्या घटनेला (कीप्रेस) सर्वांत खालचा बिट आणि कळ सोडल्याच्या घटनेला (कीरिलीज) त्यानंतरचा बिट नेमलेला आहे. दोन्ही हव्या असल्यास दोन्ही मास्क ‘ऑर’ क्रियेने जोडतात. नवी मागणी जुनीत मिसळत नाही, तिची जागा घेते. आधी माउसच्या घटना मागून नंतर फक्त कळांचा मास्क दिला, तर माउसच्या सूचना बंद पडतात. म्हणून जुना मास्क जपून त्यात भर घालण्याची पद्धत आहे. शिवाय ही मागणी लगेच रवाना होत नाही. एक्सलिब ती साठवून ठेवते आणि रांगेतील पुढची घटना मागताना किंवा साठा मुद्दाम रिकामा करताना ती सर्व्हरकडे जाते. विंडो पडद्यावर आणण्यापूर्वीच नोंदणी उरकावी, हा संकेत मात्र कळांसाठी नसून पहिल्या रंगकामाची सूचना हुकू नये यासाठी आहे.

मागणी नोंदवली म्हणजे कळा पोचल्याच, असे नाही. ज्या विंडोकडे फोकस (टंकन स्वीकारण्याचा मान) असतो तिच्याभोवती कळांची वाटणी ठरते. माउसचा बाण फोकस असलेल्या विंडोच्या आत, समजा तिच्या एखाद्या उपविंडोवर असेल, तर घटना त्या उपविंडोपासून सुरू होऊन पालक विंडोंच्या साखळीने वर चढते आणि कोणत्या तरी क्लायंटने मागणी नोंदवलेली पहिली विंडो लागताच तिथे थांबते. बाण बाहेर असेल तर घटना थेट फोकस असलेल्या विंडोच्या नावावर जाते. एखाद्या विंडोने ठरावीक प्रकारच्या घटना वर जाऊ देऊ नयेत, अशीही सोय आहे. फोकस कोणाला द्यायचा हे प्रत्यक्षात विंडो व्यवस्थापक ठरवतो, त्यामुळे फोकस आल्या-गेल्याची सूचना स्वतंत्रपणे मागणे शहाणपणाचे. कीमॅप-स्टेट हा मास्कही सोबत मागितला असेल, तर फोकस मिळताच त्या क्षणी कोणत्या कळा दाबलेल्या आहेत याचा नकाशा येतो.

आलेल्या घटनेत विंडो, वेळ, बाणाचे स्थान, शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांची अवस्था आणि कीकोड असतो. कीकोड हा ८ ते २५५ मधील आकडा असून तो कळेचे ठिकाण सांगतो, अक्षर नव्हे. लिनक्सवर केर्नेलच्या आकड्यात ८ मिळवून तो बनतो. अमेरिकी मांडणीतील ‘के’ या कळेचा कीकोड ४५. त्या मांडणीत ४५ मधून ‘के’ हे कीसिम (कळेतून निघणाऱ्या चिन्हाचा आकडा) मिळते, तर इनस्क्रिप्ट मांडणीत त्याच कळेतून ‘क’ मिळतो. त्याचे कीसिम सोळा पायाच्या पद्धतीत ०१०००९१५, म्हणजे युनिकोडमधील ०९१५ या स्थानाच्या आधी ०१०० जोडून केलेला आकडा. मांडणी बदलल्यास तशी सूचना सर्व क्लायंटना न मागताच जाते. ती नाकारता येत नाही.

देवनागरीसाठी जुने एक्सलुकअपस्ट्रिंग हे फंक्शन उपयोगी नाही. त्याची व्याख्याच लॅटिन-१ अक्षरसंचापुरती आहे. इनपुट मेथडची (आयबस हे तिचे परिचित उदाहरण) जोडणी उघडून यूटीएफ-८ मजकूर देणारे फंक्शन वापरावे लागते. ध्वन्यानुसारी टंकनात अनेक कळांमागून एक अक्षर तयार होत असल्याने प्रत्येक घटना आधी इनपुट मेथडच्या गाळणीतून जाऊ द्यायची आणि तिने ती ठेवून घेतली तर तिच्यावर पुढे काही करायचे नाही, असा नियम आहे. इनपुट मेथडला स्वतःसाठी कोणत्या घटना लागतात हे तिला विचारून तो मास्कही नोंदणीत घालावा लागतो. पुष्कळ प्रोग्रॅम ही पायरी गाळतात.

कळ दाबून धरल्यास सर्व्हर सोडल्याच्या आणि दाबल्याच्या घटनांच्या जोड्या पाठवत राहतो. कळ खरोखर सुटली की काय हे त्यामुळे समजत नाही; खेळांच्या प्रोग्रॅममध्ये ही मोठी अडचण ठरते. एक्सकेबी या कळफलकविषयक विस्तारातील एका सोयीने मधल्या खोट्या ‘सोडल्या’ टाळता येतात.

फोकस नसतानाही ठरावीक कळजोड हवी असेल तर नोंदणीऐवजी तिच्यावर पकड घ्यावी लागते. ही पकड एकाच क्लायंटला मिळते. दुसऱ्याला त्रुटी येते. सुधारक (शिफ्ट-कंट्रोलसारख्या) कळांची अवस्था तंतोतंत जुळावी लागत असल्याने नमलॉक चालू असताना शॉर्टकट बंद पडतो आणि प्रोग्रॅमर एकच जोड नमलॉकसह आणि नमलॉकविना अशी दोनदा नोंदवतात.

एक्सची गंभीर उणीव विश्वासाची आहे. मास्क प्रत्येक क्लायंटचा स्वतंत्र असतो आणि कोणताही क्लायंट परक्या विंडोवर कळांची मागणी नोंदवू शकतो. माउसची बटणे दाबल्याची घटना एका विंडोवर एकालाच मागता येते. कळांना तेवढेही बंधन नाही. त्यामुळे टंकलेला पासवर्ड दुसरा प्रोग्रॅम मुकाट वाचू शकतो. यावर तोड म्हणून एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये संपूर्ण कळफलकावर पकड घेणारा ‘सिक्युअर कीबोर्ड’ हा पर्याय ठेवलेला आहे. २००९ मध्ये आलेल्या एक्सइनपुट-२ विस्ताराने मूळ विंडोवर कच्च्या कळ-घटना मागण्याची सोय देऊन ही वाट अधिकच मोकळी केली.

क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँड या पर्यायी प्रणालीत हा दोष मुळातच टाळलेला आहे. तेथे विंडोवर मास्क नोंदवला जात नाही. क्लायंट कळफलकाची वस्तू मागून घेतो आणि कंपोझिटर (तेथे सर्व्हरचे काम करणारा प्रोग्रॅम) केवळ फोकस असलेल्या क्लायंटला कळा कळवतो. कळेची पुनरावृत्ती सहसा क्लायंटनेच घडवायची असते. वेग आणि विलंब तेवढे कंपोझिटर सांगतो. वेलँडवरील एक्सवेलँड या एक्स सर्व्हरखाली चालणारे जुने एक्स प्रोग्रॅम मात्र एकमेकांच्या कळा अजूनही वाचू शकतात.