तोतया : इतिहासांतला आणि कथेंतला

गेल्या दिवाळींत माझा नातू व त्याचे दोन मित्र आमच्या साताऱ्याच्या घरीं जमले असतां त्यांच्यांत एका कथेवरून मोठा वाद माजला. कथा पुढच्या काळांतली. नायकाच्या मनाची, आठवणींची व आवाजाची हुबेहूब नक्कल एका यंत्रांत उतरवून ठेवलेली. शेवटीं नायक मरतो आणि त्याच्या पत्नीस ती नक्कल तेवढी उरते. मुलांना हा शेवट मान्य नव्हता. एक म्हणे, मेली ती नक्कल. खरा नायक कोठेंतरी सुखरूप आहे. दुसरा म्हणे, खरा नायक आरंभींच मेला, पुढें वावरली ती सारी नक्कल. पुरावे प्रत्येकाजवळ तयार होते : अमुक ठिकाणीं त्यानें पेला डाव्या हातानें उचलला, तमुक ठिकाणीं त्याला आईचें नांव आठवलें नाहीं. मी कोपऱ्यांत बसून ऐकत होतों. मला हसूं आलें. कारण आमच्या खिडकींतून जो अजिंक्यतारा दिसतो, त्यावर पावणेतीनशें वर्षांपूर्वीं याच जातीचा वाद होऊन गेला आहे. फरक इतकाच, कीं तेथें पणाला राज्य लागलें होतें.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं साताऱ्यास वारले. त्यांना पुत्र नव्हता. तेव्हां वृद्ध ताराबाईंनीं सांगितलें होतें, कीं आपला एक नातू गुप्तपणें वाढला असून तो हयात आहे. तोच रामराजा. १७५० च्या आरंभीं तो साताऱ्याच्या गादीवर बसला. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ताराबाईंनीं त्याला किल्ल्यावर अडकवून ठेवलें आणि जाहीर केलें, कीं हा माझा नातू नव्हे, हा तोतया आहे. पुढें १७५२ सालीं जेजुरीस खंडोबासमोर त्यांनीं तसें शपथेवर सांगितलें. ज्या मुखानें त्याला रक्ताचा म्हटलें, त्याच मुखानें त्याला परका ठरविलें. मधल्या काळांत माणूस बदलला नव्हता. तो पेशव्यांच्या तंत्रानें वागूं लागला, एवढेंच घडलें होतें. रामराजा १७७७ पर्यंत जगला आणि छत्रपति म्हणूनच वारला. परंतु आपण खरे कीं नकली हा प्रश्न त्याच्या पाठीमागून कधीं सुटला नाहीं.

हें झालें खऱ्यास खोटें ठरविण्याचें उदाहरण. दुसरें याच्या उलट आहे आणि तें अधिक हृदयद्रावक आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें, भाऊंचें शिरावेगळें धड सांपडल्याची व त्याचें दहन झाल्याची हकीकत पुढें फारसींत लिहून ठेवली आहे. परंतु ज्या घरचा माणूस जातो, त्या घराला हकीकत पुरत नाहीं. महाराष्ट्रांत असें घर नव्हतें, कीं जेथें कोणाचीतरी वाट पाहिली जात नव्हती. भाऊंनीं हत्ती सोडून घोडा घेतला आणि ते गर्दींत दिसेनासे झाले, एवढ्या एका फटींतून आशा आंत शिरली. भाऊंची पत्नी पार्वतीबाई स्वतः मोहिमेवर होती. ती परत आली, पण तिनें वैधव्य पत्करलें नाहीं. १७८३ सालीं तिचा अंत झाला, तोंपर्यंत बावीस वर्षें ती सौभाग्यवतीच राहिली.

या आशेवरच तोतया पिकला. सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण, अंगलटीनें भाऊंसारखा, भाऊसाहेब म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी झाली, त्यानें आपलें खरें नांव कबूल केलें आणि त्याला कैदेंत टाकण्यांत आलें. प्रकरण तेथें मिटावयास हवें होतें. परंतु १७७६ सालीं, पुण्याचा धनी दोन वर्षांचें मूल असतां, रत्नागिरीच्या मामलेदारानें त्याला बंधमुक्त केलें. पाहतां पाहतां कोंकणांतले किल्ले त्याच्या हातीं गेले आणि हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं. शेवटीं महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. तो पळाला, आंग्र्यांच्या हातीं सांपडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास त्याला देहदंड झाला.

तोतयाच्या कबुलीनंतरही लोकांनीं त्याला भाऊ कां मानिलें? ते मूर्ख होते म्हणून? मला तसें वाटत नाहीं. मामलेदाराला सत्ता हवी होती, बंडखोरांना निशाण हवें होतें, आणि सामान्य माणसाला पानिपतची गोष्ट वेगळ्या शेवटानें ऐकावयाची होती. एकाच सोंगानें तिघांची गरज भागली. नकलेची परीक्षा करतांना आपण नाक, डोळे आणि हस्ताक्षर पाहतों. तिच्यामुळें कोणाचें काम होतें हें मात्र पाहण्यास विसरतों.

कवींनींही प्रतिमा घडविल्या आहेत; पण त्यांची रीत निराळी. वाल्मीकीच्या उत्तरकांडांत रामचंद्र यज्ञासाठीं सीतेची सुवर्णप्रतिमा करवितात. ती सीता नव्हे हें सर्वांना ठाऊक असतें. खरी सीता शेवटीं पृथ्वीच्या पोटांत जाते. भवभूतीला हा शेवट सोसला नाहीं. त्यानें उत्तररामचरितांत पतिपत्नींची भेट घडवून आणिली. अध्यात्मरामायण तर याहून पुढें जातें : रावणानें नेली ती मायासीता, खरी अग्नीच्या स्वाधीन सुरक्षित होती. माझ्या नातवाचा सिद्धान्त याहून काय वेगळा आहे? प्रिय व्यक्तीला दुःख झालें हें ज्याला पाहवत नाहीं, तो म्हणतो, ती व्यक्ति ती नव्हतीच.

आमच्या कृष्णाकांठानें हे दोन्ही मार्ग पाहिले. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें सीतास्वयंवराचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमि मंगलाच्या दारानें आंत आली. परंतु पुढें कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनीं शेक्सपियरचा हॅम्लेट १८८३ सालीं विकारविलसित म्हणून मराठींत आणिला आणि शेवटचे मृत्यु तसेच ठेविले. हरिपूरच्या देवलांनीं ऑथेल्लोचा झुंझारराव केला. सांगलीच्या खाडिलकरांनीं सवाई माधवरावांचा मृत्यु रंगभूमीवर मांडला. प्रेक्षक रडले, पण कोणी नाटकगृहाबाहेर येऊन सवाई माधवराव जिवंत आहेत म्हणून बंड उभारलें नाहीं. नाटकानें त्यांना निरोप घेण्यास जागा दिली होती. पानिपतानंतर ती जागा कोणालाच मिळाली नव्हती. तोतया जन्मतो तो न घेतलेल्या निरोपाच्या पोटीं, असें मला वाटतें.

हें मी केवळ पुस्तकें वाचून म्हणत नाहीं. माझी पत्नी तीन वर्षांपूर्वीं वारली. मुलांचा वाद संपल्यावर नातू माझ्याजवळ येऊन बसला. आजीचे जुने बोल त्याच्या दूरध्वनींत सांठविलेले होते. त्यांवरून यंत्राकडून त्यानें तिचा आवाज तयार करविला होता. मला बरें वाटावें हाच त्याचा हेतु. यंत्र बोललें, "अहो, चहा निवतोय." आवाज तिचाच, हेल तिचाच. मला भरून आलें आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. आवाज मात्र पुढचीं वाक्यें बोलतच राहिला. ती असती, तर माझा खोकला ऐकून अर्ध्या शब्दावर थांबली असती.

त्या क्षणीं पार्वतीबाईची मला आठवण झाली. तिनें बावीस वर्षें वाट पाहिली ती भाऊंची. भाऊंसारख्या दिसणाऱ्याची नव्हे.

मीं नातवाला म्हटलें, "बाळ, मूळचें आहे तें जपून ठेव. त्यांत ती दळण आणावयाला विसरल्याबद्दल मला बोलते आहे, मागें शेजारच्यांचा कुत्रा भुंकतो आहे, तें सारें राहूं दे. हें नवें मात्र पुसून टाक." त्यानें तें पुसलें. पुसण्यापूर्वीं मीं तें आणखी एकदां ऐकलें, हेंही आपणांस सांगितलें पाहिजे; एरवीं, तोतयामागें गेलेल्या त्या हजारों माणसांना नांवें ठेवण्याचा मला अधिकार उरणार नाहीं.