घोडा आणि बैल

दसऱ्याला घोडा पुजावा आणि पोळ्याला बैल, ही आपल्याकडची जुनी रीत. पूजेत आपण पंक्तिप्रपंच केला नाही. इतिहास सांगताना मात्र केला. पुतळ्यात घोडा उभा राहिला, बैल दावणीलाच राहिला.

वास्तविक मराठ्यांची फौज या दोघांच्या खुरांवर चाले. घोड्याच्या पायाला खूर एकच, म्हणून नालही एक. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पत्र्या दोन. पण खरा भेद पोटात आहे. बैलाच्या पोटाला चार कप्पे. वाटेत मिळेल ती काडी पोटात टाकावी आणि मुक्कामाला निवांत रवंथ करावा, हा त्याचा खाक्या. घोडा रवंथ करीत नाही. भरड चाऱ्याचा कस त्याला बैलाइतका काढता येत नाही. दौड करायची तर हरभऱ्याची चंदी हवीच.

भीमथडीचे घोडे मोठे काटक. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला सरकारी पागेतला मिळे. पण छावणी पडली की हजारो तोंडांना दाणा आणायचा कोणी? ते काम लमाण-बंजाऱ्यांच्या तांड्यांचे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून, वाटेने चरत चरत, ते धान्य आणि मीठ दूरदूर पोहोचवीत.

ही रसद तुटली म्हणजे काय होते, ते पानिपताने दाखविले. १७६० च्या अखेरीस धान्याच्या वाटा बंद झाल्या; माणसांबरोबर घोडीही उपाशी पडली. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य रणात उतरले ते भुकेलेलेच. उलट, १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीने बैल आणि बंजारे यांची चिंता आधी वाहिली. त्याच्या पत्रांत तो विषय पुनःपुन्हा येतो.

पुढे १८५३ त आगगाडी आली, १८६३ त ती बोरघाट चढली, आणि तांड्यांचे ओझे तिने उचलले. पोटावर पाय आलाच, वर कलंकही आला. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या याद्यांत ठिकठिकाणी बंजाऱ्यांचेही नाव चढले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ज्यांनी फौजा पोसल्या, त्यांना मिळालेली ही बिदागी!

दिवाळीत मुले किल्ला करतील, मावळे नि घोडेस्वार मांडतील. पायथ्याशी गोणी लादलेला मातीचा एक बैल आणि त्यामागे चालणारा तांडेवालाही ठेवायला त्यांना सांगा. गडाचा दाणागोटा तिथवर त्यांनीच आणलेला असे.