क्ष-किरणतज्ज्ञाची बैठक : अंधाऱ्या खोलीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

राँटगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाचा इतिहास प्रामुख्याने यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्रतिमा वाचणारा तज्ज्ञ कोठे, कसा व किती वेळ बसला, याची नोंद क्वचितच आढळते. प्रस्तुत निबंधात या बैठकीचा विचार मुंबई व तिच्या परिसराच्या संदर्भात केला आहे.

आरंभीच्या काळात तज्ज्ञ बसतच नसे. फ्लुओरोस्कोपीचा पडदा इतका मंद असे की, डोळे अंधाराला सरावल्याशिवाय त्यावर काही दिसत नसे. त्यासाठी 1916 मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी लाल काचांचा चष्मा सुचविला. पुढे फिल्म आली व तिच्यासोबत व्ह्यू-बॉक्स आला. फिल्म लावणे, काढणे, जुन्या तपासणीचे पाकीट शोधण्यासाठी उठणे, यात तज्ज्ञाचे शरीर दिवसभर हलते राहिले. या हालचाली वेळखाऊ मानल्या गेल्या; शरीराला त्यांचा काही उपयोग असेल, असा विचार तेव्हा कोणी फारसा केला नसावा.

1993 मध्ये डायकॉम हे प्रमाण आले आणि 1998 पासून बहु-स्लाइस सीटी यंत्रे आली. एका रुग्णाच्या शेकडो प्रतिमा माऊसच्या चाकावर फिरू लागल्या. उठण्याचे कारण संपले. खोलीतील अंधार मात्र सवयीने तसाच राहिला. वस्तुतः मॉनिटर व्ह्यू-बॉक्सपेक्षा मंद असल्याने त्यावर उजेडाची तिरीप पडू नये एवढेच आवश्यक असते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या तांत्रिक मानकात वाचनकक्षासाठी 25 ते 50 लक्स इतका मंद प्रकाश सुचविलेला आहे, काळोख नव्हे. गडद खोली व उजळ पडदा यांमध्ये डोळ्यांना वारंवार जुळवून घ्यावे लागते. पडदा उंच असल्यास मान, आणि माऊस दूर असल्यास खांदा व मनगट, यांवर ताण येतो.

किरणांपासून संरक्षणाची परंपरा मात्र भक्कम आहे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत क्ष-किरणजन्य विकारांचा समावेश होता. मान-पाठीच्या दुखण्याला त्या यादीत स्थान नव्हते. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. मंडळाच्या 2001 च्या संहितेत साध्या क्ष-किरण यंत्राच्या खोलीसाठी किमान 18 चौरस मीटर व सीटीसाठी 25 चौरस मीटर क्षेत्र सांगितले होते. अणुशक्तीनगरपासून काही किलोमीटरवर शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. श्रमिकाचे शरीर व त्याचे काम यांचा मेळ हा तिच्या अभ्यासाचा विषय. परंतु तिचे लक्ष मुख्यतः कारखाने व गोद्यांकडे राहिले. एका संस्थेकडे किरण, दुसरीकडे कारखाना. क्ष-किरणतज्ज्ञाची खुर्ची या दोहोंच्या मधल्या जागेत राहिली असे दिसते.

याचा परिणाम उपनगरांत अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. बदलापूरच्या शिरगावसारख्या वस्तीत, जेथे जागा चौरस फुटांनी मोजून घ्यावी लागते, तेथे यंत्राची खोली नियमाने ठरते आणि अहवाल लिहिण्याचे टेबल उरलेल्या कोपऱ्यात जाते. खुर्चीची उंची, पडद्याची पातळी, दिव्याची दिशा यांची तपासणी करणारा कोणी निरीक्षक नसतो. शिवाय टेलिरेडिओलॉजीमुळे वाचक व यंत्र एका छताखाली असण्याचीही गरज उरलेली नाही. 2010 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्ससारख्या कंपन्या दूरच्या रुग्णालयांतील प्रतिमांचे अहवाल एका केंद्रातून देतात. घरून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाच्या बाबतीत तर जेवणाचे टेबल हेच कार्यस्थान होऊ शकते.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञाच्या सोयीचा नाही. एलिझाबेथ क्रुपिन्स्की व सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 40 क्ष-किरणतज्ज्ञ व प्रशिक्षणार्थींना अस्थींच्या 60 तपासण्या दिवसाच्या आरंभी व अखेरीस वाचावयास दिल्या. दिवसअखेर डोळ्यांची केंद्रण-अचूकता घटली होती आणि अस्थिभंग ओळखण्यातील अचूकताही.