एका इन्स्ट्रक्शनवरून झालेलं भांडण

या शनिवारी एका जुन्या वादाबद्दल. वाद जेमतेम एका ओळीच्या कोडचा, पण मला तो फार आवडतो.

साल १९९९, नोव्हेंबर महिना. लिनक्स कर्नेलमध्ये स्पिनलॉक सोडायला, म्हणजे एका प्रोसेसरने लावलेलं कुलूप उघडायला, इंटेलच्या चिपवर 'लॉक' लावलेली महागडी इन्स्ट्रक्शन वापरायचे. तिला साधारण २२ टिक्स लागत. कुणीतरी म्हणालं, साधा 'मूव्ह' वापरा की, १ टिकमध्ये काम होतं! लायनस टोरवाल्ड्स यांनी ठाम नकार दिला. असं केलं तर स्पिनलॉकवर भरवसाच उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग मॅन्युअल उघडून बघायचं ना? तिथेच तर गोची होती. मजकूर इतका मोघम, की दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटावं. शेवटी इंटेलमधल्याच एकाने सांगितलं की चालेल, आणि टोरवाल्ड्स यांनी मत बदललं.

आता, चालतं का? या चिपमध्ये लिहिलेली किंमत आधी प्रोसेसरच्या खासगी रांगेत थांबते आणि मग मेमरीत जाते. त्यामुळे नंतरचं वाचन आधीच्या लिखाणाला मागे टाकू शकतं. पण लिखाणं आपसात रांग मोडत नाहीत, आणि आधीचं वाचन नंतरच्या लिखाणामागे जात नाही. म्हणजे कुलपाच्या आतलं काम कुलूप उघडल्यानंतर बाहेर सांडत नाही. बाहेरचं एखादं वाचन आत शिरलं तर शिरू दे, बिघडत काही नाही.

एवढी साधी गोष्ट! पण इंटेलने हे नियम उदाहरणांसकट नीट मांडले ते २००७ मध्ये. २०१० मध्ये पीटर सेवेल आणि सहकाऱ्यांनी 'एक्स८६-टीएसओ' हे गणिती मॉडेल सविस्तर मांडलं, त्या लेखात हा वादही आहे. इकडे कर्नेलमध्ये डेव्हिड हॉवेल्स यांचा मेमरी बॅरियर्सवरचा दस्तऐवज २००६ मध्ये आला, कारण अल्फा, पॉवरपीसी वगैरे मंडळींचे नियम याहून ढिले. २०१८ मध्ये तर कर्नेलचं मेमरी मॉडेलच आलं, छोटे प्रोग्राम टूलला देऊन तपासता येईल असं.

मला वाटतं, खरा प्रश्न २२ टिक्सचा नव्हताच. इतक्या मशिन्स ज्या कुलपावर विसंबून, ते बरोबर आहे हे कुणा जाणत्याला विचारून ठरवावं लागलं. तो जाणता भेटला नसता तर? म्हणून म्हणतो, कोडइतकंच ते का चालतं हेही लिहून ठेवा.

असो. पुढच्या आठवड्यात अल्फाच्या करामती.