नॅनोचा न उघडणारा मागचा दरवाजा

10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो दाखवली आणि तिची ओळख 'लाखाची गाडी' अशीच झाली. पुण्यात आखलेली ही गाडी निकृष्ट होती म्हणून खपली नाही, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. इंजिन मागे असल्याने एवढ्याशा गाडीत चार मोठी माणसे पाय न आखडता बसत, उंच छतामुळे चढ-उतार सोपी होई आणि गल्लीबोळात ती चटकन वळे. याचे मालकांना समाधान होते. तक्रारी होत्या त्या काटकसरीच्या खुणांबद्दल: एकच वायपर, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि सर्वांत जाचक म्हणजे न उघडणारा मागचा दरवाजा. गावी निघालेल्या कुटुंबाला पिशवी ठेवायची तर मागच्या सीटची पाठ पाडून ती आतूनच सरकवावी लागे.

काही गाड्यांनी पेट घेतला, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. 2010 मध्ये कंपनीला मोफत दुरुस्ती देऊ करावी लागली. पण आगीनेच गाडी संपली असती, तर 2011-12 मध्ये विक्री आधीच्या वर्षाहून वाढली नसती. स्कूटरवर दाटीने बसणाऱ्या कुटुंबाला पहिल्या गाडीबरोबर चार लोकांत मान हवा होता, 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का नको होता. गाडीवर हा शिक्का बसू देणे ही चूक होती, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. पॉवर स्टिअरिंग 2014 मध्ये आले, मागचा दरवाजा 2015 मध्ये उघडू लागला. तोवर अशा अनेक घरांनी थोडे जास्त कर्ज काढून दारात अल्टो उभी केली होती.