लासाल नावाची मंडळी

जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आपला जन्म १८६३ चा सांगतो, तो फर्डिनांड लासालमुळे. त्या वर्षी २३ मे रोजी लाइपझिगला त्याने कामगारांची अखिल जर्मन संघटना उभी केली. या पुढाऱ्याचं आडनाव अस्सल फ्रेंच दिसतं. प्रत्यक्षात ते सायलेशियातल्या लोस्लाऊ या लहानशा गावावरून आलेलं. गाव आज पोलंडमध्ये आहे. घराणं ज्यू; मूळ आडनाव लोस्लाउअर, म्हणजे आपल्या भाषेत लोस्लाऊकर. १८१२ च्या फर्मानानुसार प्रशियात नागरिक व्हायचं तर ज्यूंना कायमचं आडनाव घ्यावं लागे. ब्रेस्लाऊचा रेशमाचा व्यापारी असलेला बाप ‘लासाल’ लिहायचा, शेवटी एकच ‘एल’. विशीतला मुलगा पॅरिसला जाऊन आला आणि त्याने पुढे आणखी एक ‘एल’ आणि एक ‘ई’ चिकटवली. उच्चार जवळपास तोच, थाट मात्र पार बदलला.

त्याला हा थाट शोभायचाही. कामगारांची बाजू मांडणारा हा माणूस उंची कपडे घाले, मेजवान्या देई, एका काउंटेसच्या घटस्फोटासाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडला. १८६४ च्या ऑगस्टमध्ये प्रेमप्रकरणातून जिनिव्हाजवळ द्वंद्वयुद्धात गोळी लागली आणि तीन दिवसांनी, ३९ व्या वर्षी, तो गेला. मरणसुद्धा सरदारी! पुरलं मात्र ब्रेस्लाऊच्या ज्यू दफनभूमीत.

याच नावाचे खरे फ्रेंच लोक पुष्कळ. नेपोलियनचा घोडदळ सेनापती लासाल १८०९ मध्ये वाग्रामच्या लढाईत पडला. लियोंचा फिलिप द लासाल रेशमाचा कलाकार; रशियाच्या कॅथरिन राणीचं चित्र त्याने चक्क मागावर विणून काढलं. ब्रेस्लाऊच्या रेशीमवाल्याशी त्याचं नातं काही नाही, पण योगायोग झकास आहे.

सगळ्यांत गाजलेला ला साल म्हणजे १६८२ मध्ये मिसिसिपीच्या मुखापर्यंत उतरून तो सगळा मुलूख चौदाव्या लुईच्या नावाने लुइझियाना ठरवणारा. गंमत अशी, की त्याचंही आडनाव हे नव्हे. तो रुआंचा कॅव्हेलिए; ला साल हे मिळकतीवरून लावलेलं बिरुद. शिकागोतला रस्ता त्याच्याच नावाचा. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये कॅडिलॅकची स्वस्त धाकटी बहीण म्हणून काढलेली गाडीही त्याच्याच नावाची. १९४० मध्ये ती बंद पडली. थोरली बहीण ज्याच्या नावाची, तो अंत्वान द ला मोत कॅडिलॅक जन्माने नुसता लोमे. ते लांबलचक सरदारी नाव त्याने अमेरिकेत उतरल्यावर स्वतःच रचलं होतं.